पाळकाचं कपाट : बायबलवरचे टीकाग्रंथ निवडताना

उरणजवळच्या द्रोणागिरीच्या सेक्टरांमध्ये लहान मंडळ्या भरतात त्या बहुधा भाड्याच्या जागेत. तळमजल्यावरचा गाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक कीबोर्ड. समोर बसलेल्यांत कोणी बंदरावर कामाला, कोणी कंटेनर यार्डात, कोणी पनवेल-बेलापूरच्या रुग्णालयात परिचारिका. कोणाचं मूळ गाव नगर जिल्ह्यात, कोणाचं जालन्याकडे, कोणाचं केरळात नाहीतर झारखंडात. पाळकसाहेबांचं घर वन बीएचके, आणि मंडळीच्या अर्पणावर भागत नसेल तर आठवडाभर नोकरीही असते. या माणसाला दर रविवारी वचनावर पाऊण तास बोलायचं असतं. शिवाय मधल्या वारी प्रार्थनासभा, एखादा अंत्यविधी, एखादं लग्न. त्याच्या घरातल्या एकुलत्या कपाटात बायबलवरचे कोणते टीकाग्रंथ असावेत?

सेमिनरीत शिकताना हा प्रश्न फारसा पडत नाही. १९८३ साली यवतमाळहून पुण्याला आलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी घ्या किंवा कॅथलिकांचं ज्ञानदीप विद्यापीठ घ्या, ग्रंथालय हाताशी असतं आणि कोणतं पुस्तक वाचायचं हे शिक्षक सांगतात. पदवी घेऊन माणूस उरणच्या रेल्वे लायनीवरच्या नव्या वस्तीत आला की खरी निवड सुरू होते. इंग्रजीतल्या एकेका जाड खंडाला काही हजार रुपये पडतात. तेव्हा चुकीचं पुस्तक घेणं म्हणजे मुलांच्या शाळेच्या फीमधले पैसे वाया घालवणं. म्हणून या विषयावर मोघम सल्ले देण्यात अर्थ नाही. नावानिशी बोलायला हवं.

पहिली गोष्ट ठामपणे सांगतो. संच घेऊ नये. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकाच लेखकाचे किंवा एकाच मालिकेचे खंड ओळीने लावले की कपाट भरल्यासारखं दिसतं, सवलतही मिळते. पण सहासष्ट पुस्तकांवर सारख्याच अधिकारानं लिहील असा माणूस झालेला नाही. मालिकेतसुद्धा एक खंड वीस वर्षांच्या अभ्यासातून आलेला असतो आणि शेजारचा खंड प्रकाशकाची जागा भरायला लिहिलेला. जाणकार म्हणूनच पुस्तकागणिक निवड करायला सांगतात. यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक ग्रंथच आहेत. चार्ल्स स्पर्जन यांनी १८७६ साली दोन व्याख्यानं आणि हजाराहून अधिक टीकाग्रंथांची शेरे मारलेली यादी एकत्र छापली. त्यांचे शेरे आजही वाचनीय आहेत, कारण त्यांनी पुस्तकं खरोखर हाताळली होती. आपल्या काळात नव्या करारासाठी डी. ए. कार्सन आणि जुन्या करारासाठी ट्रेंपर लाँगमन यांची सर्वेक्षणं प्रमाण मानली जातात. दोन्हींच्या हाती येणाऱ्या आवृत्त्या २०१३च्या आहेत. त्यानंतरची पुस्तकं त्यांत नाहीत, आणि पाश्चात्त्य सेमिनरीबाहेरच्या लेखनाला त्यांत जागा फार थोडी, हे ध्यानात ठेवून ती वापरावीत. निदान एक तरी सर्वेक्षण पाळकाच्या घरी हवंच. एका चुकीच्या खंडाचे पैसे वाचले की त्याची किंमत वसूल होते.

संचांमधला सर्वांत लाडका संच मॅथ्यू हेन्री यांचा. अठराव्या शतकाच्या आरंभीचं हे काम आजही जगभर छापलं जातं आणि मोबाइलवर फुकट मिळतं. आपल्याकडच्या उपदेशांत त्यांचं नाव वारंवार येतं. पण हेन्री १७१४ साली वारले तेव्हा लेखन प्रेषितांच्या कृत्यांपर्यंतच झालं होतं. रोमकरांस पत्रापासून पुढचा भाग इतर पाळकांनी पुरा केला. तेव्हा प्रकटीकरणावर बोलताना मॅथ्यू हेन्रींचा हवाला देणारा उपदेशक प्रत्यक्षात दुसऱ्याच कोणाचा हवाला देत असतो. हेन्रींची ताकद मानवी मनाच्या वाचनात आहे. पाप कसं हळूहळू शिरतं, देवभीरू माणूस कुठे घसरतो, हे त्यांच्याइतक्या आत्मीयतेनं फार थोड्यांनी लिहिलं. ते वाचावं, जरूर वाचावं. पण घरातला एकमेव टीकाग्रंथ म्हणून ते अपुरे आहेत. त्याचं कारण पुढे येईलच.

टीकाग्रंथांचे ढोबळमानानं तीन थर करता येतात. एका टोकाला मूळ हिब्रू आणि ग्रीक पाठावर शब्द न् शब्द चर्चा करणारे ग्रंथ : १८९५ पासून निघत असलेली इंटरनॅशनल क्रिटिकल कॉमेंटरी, हर्मेनिया, वर्ड. दुसऱ्या टोकाला उपदेशाच्या जवळ जाणारे : विल्यम बार्कले यांची डेली स्टडी बायबल, जॉन स्टॉट यांनी ज्याला वळण दिलं ती बायबल स्पीक्स टुडे मालिका, एनआयव्ही ॲप्लिकेशन. मध्ये टिंडेल, पिलर, न्यू इंटरनॅशनल अशा मालिका. त्या मूळ भाषांचा आधार घेतात, पण त्या भाषा न येणाऱ्यालाही बरोबर नेतात. पाळकानं पहिले पैसे या मधल्या थरावर घालावेत असं माझं स्पष्ट मत आहे. ग्रीक विसरलेल्या माणसाच्या घरात पहिल्या प्रकारचा खंड नुसताच धूळ खातो. उपदेशाजवळच्या तिसऱ्या प्रकारातला धोका वेगळा आहे. तो उपदेश जवळजवळ तयार करून हाती देतो, आणि मग लंडनच्या मंडळीसाठी सुचलेलं उदाहरण बोकडवीऱ्याच्या नाक्यावर ऐकू येतं. बार्कले यांची शैली इतकी सोपी आणि माहिती इतकी रसाळ की त्यांचा मोह आवरत नाही. पण चमत्कारांच्या बाबतीत ते कधीकधी साधं स्पष्टीकरण पुढे करतात. पाच हजारांना जेवू घातल्याच्या प्रसंगात लोकांनी आपापली शिदोरी बाहेर काढून वाटून खाल्ली असेल, ही शक्यता ते मांडतात. ज्यांना ते पटत नाही अशांनी त्यांना टाकून द्यायचं कारण नाही, पण त्यांच्या शेजारी दुसरं एखादं पुस्तक उघडं असायला हवं.

मधल्या थरातली काही नावं सांगतो. स्तोत्रसंहितेवर डेरेक किडनर यांचे टिंडेल मालिकेतले दोन लहान खंड, १९७३ आणि १९७५चे. एका स्तोत्राला पान-दोन पानं, पण एक वाक्यही वाया गेलेलं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रावर गॉर्डन फी, १९८७, सुधारित आवृत्ती २०१४. मंडळीतल्या भांडणांवर, प्रभुभोजनावर, कृपादानांवर बोलायचं असेल तर हा खंड महाग असूनही घ्यावा. डोंगरावरच्या प्रवचनावर स्टॉट, १९७८. हा तिसऱ्या थरातला असला तरी अपवाद करावा इतका नितळ आहे.

पण नावांच्या यादीपेक्षा परीक्षा महत्त्वाची. पुस्तक घेण्यापूर्वी आपल्याला अडलेला एक उतारा निवडावा आणि त्यावरची चार-पाच पानं ग्रंथालयात, मित्राकडे किंवा विक्रेत्याच्या संकेतस्थळावर नमुना म्हणून दिलेली असतात तिथे वाचावीत. आपल्या अडचणीला ते पुस्तक हात घालतं का, की सर्वांना ठाऊक असलेलंच पुन्हा सांगतं, हे तेवढ्यात कळतं.

द्रोणागिरीच्या पाळकाला मी राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय सुचवीन. नाबोथाचा द्राक्षमळा. अहाब राजाला राजवाड्यालगतची ती जमीन भाजीच्या मळ्यासाठी हवी आहे. तो बदल्यात अधिक चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ करतो. नाबोथ वाडवडिलांचं वतन म्हणून नकार देतो. राजा तोंड फिरवून अंथरुणावर पडतो, जेवत नाही. ईजबेल राजाच्या नावानं पत्रं लिहिते, त्यांवर राजाची मोहोर करते, नगराचे वडील उपास जाहीर करतात, दोन साक्षीदार उभे राहतात आणि नाबोथाला नगराबाहेर दगडमार होतो.

हा अध्याय इथे वाचला की सभेत शांतता पसरते. ज्या जमिनीवर हे सेक्टर उभे आहेत ती कालपरवापर्यंत भातशेती आणि मिठागरं होती. सिडको १९७० साली स्थापन झाली, उरण-पनवेलची गावं नवी मुंबईसाठी आणि मग बंदरासाठी संपादनात गेली. १९८४च्या जानेवारीत जासई-नवघर भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. आज मंडळीत अशा भूखंडावरच्या इमारतीत कर्ज काढून फ्लॅट घेतलेले लोक बसलेले असतात, आणि शेजारच्या गावात ज्यांच्या आजोबांची ती शेतं होती ते असतात. नाबोथावर बोलताना तोल राखणं इथे सोपं नाही.

आता टीकाग्रंथ उघडून पाहा. मॅथ्यू हेन्री नाबोथाचा नकार नियमशास्त्राला धरून होता हे सांगतात, पण त्यांचं मन रमतं ते अहाबाच्या असंतोषात : सगळं राज्य असूनही एका मळ्यावाचून जेवण न जाणाऱ्या माणसात. डॉनल्ड वाइजमन यांचा टिंडेल मालिकेतला १९९३चा खंड लहान आहे, पण तो अश्शूरी-बाबेली लेखांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या माणसानं लिहिलेला आहे. वॉल्टर ब्रूगमन जमीन म्हणजे वारसा आणि जमीन म्हणजे देवघेवीची वस्तू या दोन समजुतींची टक्कर इथे दाखवतात. त्यांचं १९७७चं 'द लँड' हे पुस्तक टीकाग्रंथ नव्हे, पण या अध्यायासाठी ते जवळ असावं. डेल राल्फ डेव्हिस उपदेशकाच्या अंगानं लिहितात आणि कथेची चाल नेमकी पकडतात. काही भाष्यकार आणखी एक धागा दाखवतात : भाजीच्या मळ्याचा असा उल्लेख अनुवादाच्या अकराव्या अध्यायात मिसर देशाच्या वर्णनात येतो. देवानं लावलेली द्राक्षवेल म्हणजे इस्राएल, ही यशयाची प्रतिमा आठवली तर वेली उपटून भाजी लावण्याच्या राजाच्या हौसेला वेगळंच वजन येतं.

चांगल्या टीकाग्रंथानं मला इथे सर्वांत मोलाचं दिलं ते न्यायदानाचं अंग. अहाब राजा होता, पण त्याला मळा नुसता हिसकावून घेता आला नाही. त्यासाठी पत्रं लागली, मोहोर लागली, नगराचे वडील लागले, नियमशास्त्रात सांगितलेले दोन साक्षीदार लागले, देवनिंदेचा आरोप लागला. म्हणजे इस्राएलात राजाच्याही वर नियम होता, आणि म्हणूनच गुन्हा नियमाच्या वेषात करावा लागला. त्यात सामील कोण झालं? नाबोथाच्याच नगरातले प्रतिष्ठित. दुसऱ्या राजांच्या नवव्या अध्यायात नाबोथाच्या मुलांच्या रक्ताचाही उल्लेख आहे. वारसच उरू नये अशी व्यवस्था झाली होती. हे ध्यानात आलं की सरकारला सरळ अहाबाच्या जागी बसवून टाळ्या घेणारा उपदेश करणं अवघड होतं. संपादनाचा कायदा होता, मोबदला होता, लढा झाला, काही परत मिळालं. नाबोथाला यांतलं काही मिळालं नाही. उलट, सातबाऱ्यावरून भावाबहिणीचं नाव कमी करताना कोणाच्या सह्या झाल्या, साक्षीदार कोण होते, हा प्रश्न या अध्यायातून थेट गाळ्यात बसलेल्या माणसांकडे येतो. कोणत्याही पुस्तकात हे वाक्य छापलेलं नाही. पण पुस्तकानं अध्यायाचे सांधे नीट दाखवले म्हणून ते सुचतं, आणि ज्याच्यामुळे असं सुचतं तो खंड घेण्याजोगा.

फुकट मिळणाऱ्या जुन्या ग्रंथांबद्दल आता बोलू. मोबाइलवर हेन्री, कॅल्विन, ॲडम क्लार्क, काइल आणि डेलिच हे सगळे मिळतात, कारण त्यांचे हक्क संपले आहेत. तुटपुंज्या पगाराच्या पाळकाला हा मोठा आधार आहे. पण या मंडळींना काय ठाऊक असणं शक्यच नव्हतं, हे माहीत हवं. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शम्रा इथे १९२९ पासून उत्खनन झालं आणि कनानी लोकांच्या बआलकथा त्यांच्याच लेखांत वाचता आल्या. कर्मेल डोंगरावरच्या एलीयाची कथा त्यामुळे नव्यानं उजळली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिसरच्या वाळूतून पपायरसांचे ढीग निघाले. त्यांत हिशेब होते, करार होते, मुलांनी आईबापांना लिहिलेली पत्रं होती, आणि नव्या कराराची ग्रीक ही बाजारात बोलली जाणारी भाषा होती हे कळलं. १९४७ पासून मृत समुद्राकाठच्या गुहांत हस्तलिखितं सापडली. त्यांतली यशयाची गुंडाळी आधी हाती असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या अकराव्या वचनात तिथे 'प्रकाश' हा शब्द आहे, जो परंपरागत हिब्रू पाठात नाही. हेन्रींना यातलं काही कळायला मार्ग नव्हता. जुनी टीका मनासाठी वाचावी, माहितीसाठी तिच्यावर विसंबू नये, असा माझा साधा नियम आहे.

जुन्या-नव्याच्या या तोलात मिठाचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण उरणची मिठागरं जवळ आहेत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात मिठाचा खारटपणा जाण्याची गोष्ट आहे. मिठाचं शुद्ध रसायन बेचव होत नाही. म्हणून बरेच टीकाकार सांगतात की मृत समुद्राकाठचं मीठ भेसळीचं असे, ओलीनं त्यातलं मीठ निघून जाई आणि पांढरा गाळ उरे. हे स्पष्टीकरण एका पुस्तकातून दुसऱ्यात जात राहतं. ते बरोबर असेल, पण मिठागरात राबलेला म्हातारा मंडळीत बसलेला असताना पाळकानं पुस्तकातलं वाक्य वाचून दाखवण्याआधी त्याला विचारावं. टीकाग्रंथ एकमेकांची री ओढतात, हे ओळखता येणं हीसुद्धा वाचनातली एक पायरी आहे.

री ओढण्यावरून एक गंभीर प्रकरण सांगायला हवं. ऑस्ट्रेलियाचे पीटर ओब्रायन यांचे इफिसकरांस, फिलिप्पैकरांस आणि इब्री लोकांस या पत्रांवरचे खंड बरीच वर्षं शिफारशींच्या याद्यांत वर असत. २०१६ साली प्रकाशक अर्डमन्स यांनी ते तिन्ही विक्रीतून काढून घेतले, कारण इतरांचं लेखन त्यांत योग्य श्रेय न देता आलं होतं. लेखकानं ते अजाणता झाल्याचं सांगून क्षमा मागितली. जुन्या याद्यांत हे खंड अजून दिसतात आणि सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात. ज्यांच्याकडे आधीच आहेत त्यांनी ते फेकावेत असं मी म्हणणार नाही, त्यांतला अभ्यास खोटा नाही. पण दर रविवारी इंटरनेटवरून दुसऱ्याचा उपदेश उचलण्याचा मोह ज्यांना होतो त्यांनी या प्रकरणाचा विचार करावा. एवढ्या मोठ्या अभ्यासकाचीही टिपणं काढताना गफलत झाली. टिपण काढताना कोणाचं वाक्य आहे ते बाजूला लिहून ठेवावं.

आता मराठीकडे वळतो. इथे मन भरून येतं आणि खंतही वाटते. बायबलच्या अभ्यासाची मराठी परंपरा या किनाऱ्यावर जुनी आहे. रायगड जिल्ह्यातले बेने इस्राएल यहुदी, ज्यांना लोक शनवार तेली म्हणत, ते शब्बाथ पाळत आले. पनवेलचं बेथ एल सिनेगॉग द्रोणागिरीहून फार दूर नाही. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं ते याच लोकांसाठी. म्हणजे हिब्रू शिकायला इंग्रजीची पायरी चढावी लागत नव्हती, ती सोय जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी या मुलखात झाली होती. अमेरिकन मिशननं १८२६ साली मुंबईत नवा करार मराठीत छापला. बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. हा माणूस 'यमुनापर्यटन' या कादंबरीमुळे साहित्याच्या इतिहासात राहिला, पण त्यानं कोशही रचले होते, आणि शब्दांशी असं नातं असलेल्या माणसानं टीका लिहायला घेणं स्वाभाविकच होतं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या. त्यांच्या मिशनच्या छापखान्यातून, तिथल्या स्त्रियांच्या हातून, ते १९२४ साली बाहेर पडलं. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' राजहंस प्रकाशनानं काढलं. प्रस्तावना आणि टीपांमुळे ते भाषांतर आणि टीकाग्रंथ यांच्या मधे उभं आहे. प्रोटेस्टंट पाळकांनी कॅथलिक पुस्तक म्हणून त्याला दूर ठेवू नये. पार्श्वभूमीची इतकी सुरेख मराठी दुसरीकडे मिळणं कठीण.

आणि तरीही, एकेका पुस्तकावर सविस्तर, आजच्या अभ्यासाला धरून, मराठीतच विचार करून लिहिलेले टीकाग्रंथ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतील. जे आहेत त्यांतली बरीच भाषांतरं आहेत. ज्या भाषेत १२९० साली सातशे श्लोकांवर नऊ हजार ओव्यांची टीका रचली गेली, तीही श्रोत्यांना समोर बसवून आणि त्यांच्या शेतातले, घरातले दृष्टांत देत, त्या भाषेतल्या ख्रिस्ती उपदेशकाला इंग्रजीचं बोट सोडता येऊ नये हे मला सहन होत नाही. ज्ञानेश्वरीचा सिद्धांत वेगळा, पण मूळ ग्रंथ आणि समोरचा माणूस या दोघांनाही न सोडण्याची तिची रीत प्रत्येक पाळकानं अभ्यासावी.

इंग्रजीतच पण आपल्या मातीतून आलेलं लेखन मात्र आता मिळू लागलं आहे. ब्रायन विंटल यांच्या संपादनाखाली २०१५ साली साउथ एशिया बायबल कॉमेंटरी निघाली. एकाच खंडात सगळं बायबल, आणि लिहिणारे दक्षिण आशियातले. हुंडा, जात, मूर्तीला वाहिलेला प्रसाद, एकत्र कुटुंब या विषयांना त्यात जागा आहे. एका खंडात सगळं आणायचं म्हणजे प्रत्येक उताऱ्याला ओळी थोड्या येतात, तरी कपाटातलं पहिलं पुस्तक म्हणून मी हेच सांगेन. योहानाच्या शुभवर्तमानावर जे जे कनगराज यांचा २००५चा खंड भारतीय वाचकासाठीच लिहिलेला आहे. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात शूद्र ईश्वरविज्ञानाची मांडणी केली, आणि पुढे अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायातल्या त्या भटक्या अरामी पूर्वजाच्या कबुलीतून दलित ईश्वरविज्ञान मांडलं. त्यानंतर दलित दृष्टीच्या टीकेची एक शाखाच उभी राहिली. महाराष्ट्रातल्या मंडळ्यांमधली बहुसंख्य कुटुंबं ज्या वस्त्यांतून आली आहेत ते पाहता, ही शाखा वगळलेलं कपाट अपुरंच आहे. आणि एक यहुदी टीका हवी. ज्यूइश पब्लिकेशन सोसायटीच्या मालिकेतले नहूम सार्ना यांचे उत्पत्ती-निर्गमावरचे खंड किंवा जेकब मिल्ग्रोम यांचा गणनेवरचा खंड. अर्पणं, याजक, शुद्धाशुद्ध या विषयांवर आपण घाईघाईनं ख्रिस्ताकडे उडी मारतो. मिल्ग्रोम आपल्याला तिथेच थांबवून पाठ वाचायला लावतात.

कपाट मंडळीच्या रीतीप्रमाणेही बदलतं. कॅथलिक धर्मगुरूला तीन वर्षांच्या वाचनक्रमानं मत्तय, मार्क, लूक आळीपाळीनं येतात. त्यानं त्या त्या वर्षाच्या शुभवर्तमानावर एक चांगला खंड आणि बंगळुरूच्या थिऑलॉजिकल पब्लिकेशन्सची न्यू जेरोमची भारतीय आवृत्ती घेतली तर बराच पल्ला गाठता येतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया किंवा मेथडिस्ट पाळकालाही वाचनक्रम सोयीचा. स्वतंत्र मंडळ्यांत वचन निवडायची मोकळीक असते, आणि त्या मोकळिकीत तीच दहा-बारा आवडती वचनं फिरत राहतात. तिथे एक पुस्तक घेऊन ओळीनं उपदेश करायचा, आणि त्या पुस्तकासाठी दोन खंड आधी घ्यायचे, हा उत्तम मार्ग. दोनच. एक मधल्या थरातला, एक त्याच्याशी मतभेद असणारा.

खाडीकाठच्या हवेबद्दलही सांगितलं पाहिजे, कारण उरणच्या पावसाळ्यात पुस्तकं खराब होतात. बाहेरच्या भिंतीला लावलेल्या कपाटात जूनपासून बुरशी धरते, पानांना कसर लागते. कपाट आतल्या भिंतीला, खाली चार बोटं जागा सोडून, पुस्तकं घट्ट न कोंबता ठेवावं. ज्यांना शक्य असेल त्यांनी संदर्भाचं काम मोबाइलवर न्यावं. केंब्रिजच्या टिंडेल हाउसचं स्टेप बायबल फुकट आहे आणि मूळ शब्दांपर्यंत नेतं. मात्र तयारी पडद्यावर करणाऱ्यानं उपदेशाच्या आदल्या रात्री तरी कागदावर यावं. सर्चमध्ये शब्द टाकून मिळालेली वचनं जोडत गेलं की अध्यायाचा ओघ निसटतो.

उरण लायनीची लोकल जानेवारी २०२४ पासून उरणपर्यंत धावते. उलवे, द्रोणागिरी, उरण इथले पाळक महिन्यातून एकदा सहज एकत्र बसू शकतात. त्यांनी वर्षाचा बेत आधी ठरवून वेगवेगळ्या पुस्तकांवरचे खंड घ्यावेत आणि आपसांत फिरवावेत. पाच घरांतल्या पाच कपाटांचं मिळून एक बरं ग्रंथालय होतं. त्या बैठकीला आणखी एक काम हाती घेता येईल : एका लहान पुस्तकावर मराठीत टीका लिहायला बसायचं. मी रूथचं पुस्तक सुचवेन. चार अध्याय, दुष्काळामुळे परमुलखात गेलेलं कुटुंब, विधवा सून, सरवा वेचणारी परकी बाई, आणि शेवटी वेशीवर पंचांसमोर झालेला जमिनीचा व्यवहार. रॉबर्ट हबर्ड यांचा १९८८चा खंड संदर्भाला ठेवावा, रमाबाईंचं भाषांतर आणि प्रचलित 'पवित्र शास्त्र' दोन्ही समोर उघडावीत, हिब्रू येणारा एक जण पुण्याहून बोलवावा, आणि पहिल्या अध्यायाचा कच्चा खर्डा मंडळीतल्या बायकांना वाचून दाखवावा. कुठे अडतं ते त्याच सांगतील.